जुन्या लाकडाला हात लावण्याआधी

जुन्या दारं-खिडक्यांचं लाकूड दुरुस्त करायला निघालात, तर सँडर (लाकूड घासायचं यंत्र) घ्यायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. नवखे लोक पहिल्याच दिवशी घासूनपुसून लाकूड 'नव्यासारखं' करतात आणि जुना रंग, रंध्याच्या खुणा, नक्षीच्या कडा सगळं भुशात जातं. गेलं की गेलं.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. गळती चालू असेल तर वरचं सगळं काम वाया. मग टोच्याने चौकटीचा तळ आणि सांधे टोचून बघा. टोक सहज आत शिरलं तर तिथलं लाकूड कुजलंय. तेवढाच भाग काढून त्याच जातीचा तुकडा रेषा जुळवून बसवा. अख्खी चौकट बदलायची घाई नको.

पॉलिश ओळखायला आडोशाच्या कोपऱ्यात स्पिरिटचा (अल्कोहोलवालं, टर्पेंटाइन नव्हे) बोळा काही सेकंद धरा. पृष्ठभाग चिकट होऊन रंग बोळ्यावर आला तर बहुतेक लाखेचं पॉलिश. पुष्कळदा वरची काजळी काढली की खालचं पॉलिश चांगलं निघतं, नवं लावावंच लागत नाही.

दोन चुका मात्र अजिबात नकोत:

- जुन्या रंगात शिसं असू शकतं. तपासल्याशिवाय कोरडं घासू नका, हीट गनही (गरम हवेने रंग सोडवायचं यंत्र) नको.
- सोनेरी नक्षीला ओलं फडकं लावू नका. सरसावर (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक) चढवलेला सोन्याचा वर्ख पाण्याने सुटतो. मऊ ब्रशने धूळ झटका, बस्स. उडालेल्या जागी डब्यातला सोनेरी रंग तर मुळीच नको, तो पुढे काळवंडतो.

प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. रंगांचे थर, वर्खाची दुरुस्ती हे नंतर बघू. आधी एक साधी खिडकी पुरी करा आणि अडलं तर बिनधास्त विचारा.