समुद्रावरच्या हवेतले कण कसे मोजतात? तिथे धूळच नसते, मग मोजायचं काय?

मी साताऱ्याचा. शिकत असताना एका संशोधन जहाजावर अरबी समुद्रात काही आठवडे हेच काम केलंय, म्हणून लिहितो.

कण तिथे भरपूर असतात. लाट फुटली की हवेचे बुडबुडे पाण्यात शिरतात, वर येऊन फुटतात आणि अगदी बारीक थेंब उडतात. थेंब आटतो, मीठ हवेत राहतं. वारा वाढला की मीठही वाढतं. त्यात हिवाळ्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, तेव्हा आपल्या चुलींचा आणि गाड्यांचा धूर दूरवर जातो. १९९९ च्या ‘इंडोएक्स’ या हिंदी महासागरावरची हवा तपासणाऱ्या मोहिमेत उत्तर हिंदी महासागरावर पसरलेला असा तपकिरी थर मोजला गेला. आपलं ‘सागरकन्या’ जहाजही त्यात होतं.

सगळ्यात सुटसुटीत साधन म्हणजे हातात मावणारा सन फोटोमीटर. सूर्याचा ठिपका त्याच्या छोट्या खिडकीत बरोबर मधोमध धरायचा. सूर्याचा किती उजेड वाटेत अडला, त्यावरून कणांचा अंदाज येतो. यंत्राचा आकडा ०.१ आला तर सूर्य डोक्यावर असताना साधारण १० टक्के थेट उजेड कणांनी अडवला असं समजा. पण जहाज डोलतं. ठिपका जरा सरकला की उजेड कमी भरतो आणि कण उगाच जास्त दिसतात. म्हणून लागोपाठ अनेकदा मोजून त्यातले लहान आकडे धरायचे. भिंगावर खारं पाणी उडतं, तेही सारखं पुसावं लागतं.

खरं अवघड वेगळंच आहे: जहाजाचा स्वतःचा धूर. कण मोजणाऱ्या यंत्रांची हवा ओढणारी नळी म्हणून नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, उंचावर लावतात आणि वारा समोरून असतानाच्याच नोंदी ठेवतात. एका रात्री वारा मागून फिरला. एका घन सेंटिमीटरमागे काही शेकडा कण दिसत होते, ते एकदम हजारोंवर गेले. मला ते पहाटे कळलं. रात्रभराची नोंद टाकून दिली. फार जिवाला लागलं, पण ती हवा समुद्राची नव्हती, आमच्या धुराड्याची होती.

तुम्ही आपल्याकडचेच असाल तर महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, हे माहीत असू द्या. पावसाळ्यात अरबी समुद्रावरची हवा कोकणातून घाट चढून तिथे पोचते, ढग जमिनीला टेकतात, आणि ज्या कणांभोवती ढगाचे थेंब धरतात ते कण तिथे जमिनीवर उभं राहून मोजता येतात.