चौदा बागा आणि एकही पावती नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघं इंजिनिअर, कंपनी दीड वर्षाची. संत्र्याच्या बागेतल्या मातीची ओल मोजून मोबाइलवर कळवणारं यंत्र बनवलंय. काटोल-नरखेड भागात चौदा बागांत फुकट लावून दिलं. सगळे म्हणतात, मस्त आहे. पण १८,००० रुपये किंमत सांगितली की ‘पाहू ना पुढच्या वर्षी’. आता गुंतवणूकदार शोधून मार्केटिंगवर पैसा लावावा का? आणि कृषी प्रदर्शनात मांडण्याआधी पेटंट घ्यायलाच हवं का?
– दोन भागीदार, नागपूर

उत्तर : पोरांनो, आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. ‘पाहू ना’ म्हणतात आणि वर चहा पाजतात. तुम्ही चौदा ठिकाणी चहा पिऊन आलात.

हे मला महागात कळलं. २००९ साली मी मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणारे स्टार्टर विकायचे. कंपनीचं नाव नको, बिचारी बुडाली. आम्हीही पंचवीस नग फुकट वाटले होते. सहा महिने एकही तक्रार आली नाही म्हणून ऑफिसात पेढे वाटले! मग मी कळमेश्वरकडच्या एका बागेत गेले. डब्याचं झाकण उघडलं तर आत गांधीलमाश्यांचं पोळं, आणि सिमकार्ड कधीचंच बंद. आजोबांना विचारलं, वापरत का नाही? म्हणाले, “चांगलं हाये यंत्र. पण रात्री लाइन आली का पाणी फिरवाले त जाच लागते नं बाई. मंग बटन बी तिथंच दाबतो.” आम्ही घरी बसून मोटर चालू करायची सोय विकत होतो. त्यांना तर तसंही उठून बांधावर जायचंच होतं. पैसे दिले असते तर पहिल्याच आठवड्यात फोन करून भांडले असते आणि आम्ही शहाणे झालो असतो.

तुमच्या यंत्राची स्पर्धा दुसऱ्या कंपनीशी नाही, शेतकऱ्याच्या मुठीशी आहे. तो झाडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यातली माती खालून काढतो, मुठीत दाबतो. लाडू झाला तर ओल आहे, भुगा झाला तर पाणी सोडायचं. याला बॅटरी लागत नाही की रिचार्ज लागत नाही. तेव्हा ही मूठ कुठे फसते ते शोधा.

ती फसते ताणाच्या दिवसांत. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात; यालाच ताण देणं म्हणतात. भारी काळ्या जमिनीत वरून भेगा पडलेल्या दिसतात आणि खाली ओल तशीच असते. ताण बसला नाही तर फुलं धरत नाहीत, जास्त झाला तर झाड पानं टाकतं. एकरी शंभरावर झाडं, वर्षाचं पीक टांगणीला. तेव्हा माणूस झोपत नाही. त्या दिवसांत ‘ताण बसला का?’ याचं उत्तर देणाऱ्याला तो पैसे देईल. तुमचं ॲप काय सांगतं, तर ‘ओलावा ३४ टक्के’. त्याचं त्याने करायचं काय? ‘अजून पाणी देऊ नका’ एवढंच मराठीत यायला हवं. अर्थात ही मर्यादा जमिनीगणिक बदलते, त्यामुळे आकडा मनाने ठरवू नका. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथल्या लोकांशी बोलून मगच मेसेज लिहा.

वेळही चुकतेय. मे महिन्यात किंमत सांगाल तर कोण ऐकेल? आंबियाची फळं व्यापाऱ्याला दिली की हातात इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, येतो. दिवाळीच्या आगेमागे जा, ताण सुरू व्हायच्या आत. चौदाही जणांकडे जा. १८,००० विसरा, ताणाच्या हंगामापुरते २,००० मागा आणि पावती द्या. जो देणार नाही त्याचं यंत्र गोडीने काढून आणा. काढताना तो ‘राहू द्या ना भाऊ’ म्हणतो की स्वतःच पाना आणून देतो, ते नीट बघा. चौघांनी जरी पैसे दिले तरी त्या चौघांत काय सारखं आहे ते शोधा. जमीन? ठिबक? की शहरात राहून बाग सांभाळणारे आहेत? तुमचं गिऱ्हाईक ते.

मग काटोलच्या ठिबकवाल्या डीलरकडे जा. तो दोनच गोष्टी विचारेल : कमिशन किती, आणि उंदराने वायर कुरतडली तर माणूस कोण येणार. दुसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिल्यावर घासाघीस करत बसू नका.

गुंतवणूकदार आत्ता नको. पैसा आला की त्यांना आकडे दाखवायची घाई होईल, आणि तुम्ही आणखी शंभर डबे फुकट वाटाल.

पेटंटचं म्हणाल, तर आतली करामत प्रदर्शनात उघड करण्याआधी अर्ज टाका. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज करता येतो, पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, एजंटची वेगळी. यंत्र आधीच चौदा बागांत उघड्यावर लागलंय, हे एजंटला पहिल्याच भेटीत सांगा, लपवू नका. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे, ते दार ठोठावायला मुंबई गाठावी लागत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. यंत्रात माहिती पाठवणारा रेडिओ असणार. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो म्हणून निर्धास्त राहू नका, उपकरणाला ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल) ही सरकारी मंजुरी लागतेच. विक्रीआधी ते उरका.

प्रदर्शनाला जाच. पत्रकं कमी छापा, पण बागेतल्या काळ्या मातीची एक बादली सोबत न्या. लोक आधी तिच्यातच हात घालतील.