समलिंगी जोडप्यांच्या सिव्हिल युनियनवरील ऑनलाइन वाद नेमका कुठे भरकटतो?
इंदूरमधल्या आमच्या मराठी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय निघाला की दोन-चार संदेशांतच सप्तपदी, संस्कार आणि वंशवृद्धी येतात. सिव्हिल युनियन म्हणजे जोडप्याच्या नात्याला विवाहाविना मिळणारी कायदेशीर मान्यता, धार्मिक विवाह नव्हे; तिथे प्रश्न असतो तो वारसा, निवृत्तिवेतन, रुग्णालयात जोडीदाराच्या वतीने संमती देणे अशा व्यवहारातल्या हक्कांचा. समलिंगी विवाहाबाबतचा १७ ऑक्टोबर २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तर दोन्ही बाजू अर्धाच सांगतात: विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते, मात्र सिव्हिल युनियनचा हक्क ३ विरुद्ध २ अशा मतांनी नाकारला गेला (तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड स्वतः अल्पमतात होते). ‘कोर्टाने बंदी घातली’ हे विधानही चुकीचेच, कारण एकत्र राहण्यास मनाई नाही आणि कायदा करण्याचा प्रश्न कायदेमंडळावर सोडलेला आहे.