अंधुक दीर्घिकांचा हिशेब कुठे अडतो

प्रश्न असा आहे: सुरुवातीच्या विश्वातला हायड्रोजन अंधुक दीर्घिकांनी पुन्हा आयनित केला (म्हणजे त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे केले) म्हणतात, मग तेजस्वी दीर्घिकांनी का नाही, आणि हे मोजतात कसं?

तेजस्वी दीर्घिकांचाही वाटा आहेच, पण त्या मोजक्या. निरपेक्ष प्रत (खऱ्या तेजाचं माप; आकडा जितका उणे तितकं तेज जास्त) उणे 20 आणि उणे 15 यांच्या तेजात 100 पट फरक असतो. तेज-वितरणाचा (कोणत्या तेजाच्या दीर्घिका किती, याच्या आलेखाचा) अंधुक बाजूचा उतार उणे 2 असेल, तर तेज 100 पट घटताना संख्या 100 पट वाढते आणि दोन्ही गटांचा एकूण उजेड सारखा भरतो. रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला याचं माप; जितकं जास्त तितका काळ जुना) 6 ते 8 दरम्यान उतार उणे 2 च्या आसपास, किंबहुना थोडा जास्तच तीव्र दिसतो.

पुढे गुणाकार तीन गोष्टींचा: एकूण अतिनील उजेड, त्यामागे तयार होणारे आयनकारी फोटॉन (हायड्रोजन आयनित करू शकणारे, 91.2 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे प्रकाशकण) आणि त्यातले दीर्घिकेबाहेर निसटणारे किती.

पहिल्यासाठी गुरुत्वीय भिंग लागतं, म्हणजे वाटेतल्या दीर्घिकासमूहाचं गुरुत्व मागच्या अंधुक दीर्घिकांचा उजेड वाढवून दाखवतं. एबेल 2744 या दीर्घिकासमूहामागच्या अशा आठ दीर्घिकांचे वेब दुर्बिणीने घेतलेले वर्णपट 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्णपट हवाच. नुसत्या छायाचित्रांवरून निवड केली, तर रेडशिफ्ट दीडच्या दीर्घिकेचा बामर तुटवडा (हायड्रोजनमुळे उजेड अचानक घटतो ती जागा) रेडशिफ्ट 7 च्या लायमन तुटवड्यासारखा (अशीच घट, पण मुळात आणखी कमी तरंगलांबीला) दिसून फसगत होते.

दुसरी गोष्ट हायड्रोजनच्या रेषांवरून मिळते. रेडशिफ्ट 7 ला एच-अल्फा ही हायड्रोजनची रेषा 5.25 मायक्रॉनवर येते आणि निअरस्पेक या वेबवरच्या वर्णपटमापकाची मर्यादा 5.3 ची, म्हणून त्यापलीकडे कमी तरंगलांबीच्या एच-बीटा रेषेवर भागवावं लागतं. इथे एक मोठी सोय आहे: रेषा आणि अतिनील उजेड दोन्ही भिंगाने सारखेच वाढतात, त्यामुळे गुणोत्तरात वर्धनाची (भिंगाने उजेड किती पट वाढला याच्या अंदाजाची) चूक कटते. पहिल्या गोष्टीत मात्र ती तशीच राहते. त्या आठ दीर्घिकांत फोटॉन-निर्मिती पूर्वी गृहीत धरत त्याच्या सुमारे चौपट निघाली.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. एच-अल्फा दाखवते ते दीर्घिकेतल्याच वायूने गिळलेले फोटॉन. जे निसटले त्यांची खूण तिथे उरतच नाही. आणि रेडशिफ्ट 6 च्या पलीकडून निसटलेले फोटॉन वाटेतला हायड्रोजन शोषून घेतो, म्हणजे थेट मोजमापाचा मार्गच बंद. मग जवळच्या, तशाच छोट्या दीर्घिकांत ते मोजायचं आणि ऑक्सिजन रेषांचं गुणोत्तर, अतिनील वर्णपटाचा निळेपणा अशा खुणांवरून अंदाज बांधायचा. या खुणा आणि निसटणारा हिस्सा यांचा संबंध फार विखुरलेला आहे, हे विसरून काढलेल्या आकड्यांवर मी भरवसा ठेवणार नाही.

चौपट निर्मिती धरली तर 5 टक्के निसटले तरी पुरतात. तिथे सवयीने 20 टक्के घातले की फोटॉन उलट जास्त होतात, पुनर्आयनीकरण फार लवकर संपतं, आणि प्लांक उपग्रहाने वैश्विक पार्श्वभूमी प्रारणावरून काढलेल्या 0.054 या प्रकाशीय जाडीशी (सुट्या इलेक्ट्रॉननी ते प्रारण वाटेत किती विखुरलं याच्या मापाशी) ते जुळत नाही. यातले काही फोटॉन दाट वायूत खर्च होतात. तिथे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन पुन्हा जोडले जातात आणि तोच अणू परत परत आयनित करावा लागतो. हा खर्च किती धरायचा, यावरच सध्या खरी ओढाताण चालू आहे.