द्वेष सोडणारा नायक पाहताना

द्वेष सोडणाऱ्या नायकाचे चित्रपट बघायचे असतील, तर सुरुवात ‘अमेरिकन हिस्टरी एक्स’पासून (१९९८) कर. त्यात भूतकाळ कृष्णधवल आहे, वर्तमान रंगीत. नायक डेरेक हा कृष्णवर्णीयांचा द्वेष करणारा गोरा नव-नाझी. त्याचं बदलणं मात्र भाषणातून येत नाही. तुरुंगाच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालताना सोबतचा कृष्णवर्णीय कैदी त्याला हसवतो, तिथे पहिली भेग पडते. तो भाग दोनदा बघ. मग तपास, कृष्णवर्णीय पात्रांना स्वतःचं आयुष्य दिलंय, की ती फक्त नायकाला सुधारायला आहेत? मला तरी चित्रपट इथे तोकडा वाटतो. आणि हो, डेरेकच्या अटकेच्या दृश्यात सावध राहा. संथ गतीत कॅमेरा त्याला इतका रुबाबदार दाखवतो, की नुकताच त्याने खून केलाय हे क्षणभर विसरायला होतं.