जुने कार्ट इंजिन सुरू करण्यापूर्वी

प्रश्न : माझ्या मामांनी माळ्यावर जपून ठेवलेले, साठच्या दशकातले मॅकलक बनावटीचे टू-स्ट्रोक गो-कार्ट इंजिन आता माझ्याकडे आले आहे. दोरी ओढली की ते मोकळे फिरते आणि प्लगला ठिणगीही येते. पेट्रोल घालून सुरू करण्यास हरकत आहे का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : हरकत आहे, आणि तपासणी होईपर्यंत दोरीही पुन्हा ओढू नये. अशा टू-स्ट्रोक कार्ट इंजिनात ऑइलचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच बेअरिंगपर्यंत पोहोचते, आणि वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या इंजिनात ते केव्हाच सुकलेले असते. त्या काळी शर्यतीत सर्रास वापरले जाणारे एरंडेलाचे ऑइल सुकले की पिस्टनच्या रिंगा त्यांच्या खाचेत चिकटवून टाकते.

प्रथम प्लग आणि सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून (धूर बाहेर पडण्याच्या तोंडातून) बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहावा. त्यावर उभे ओरखडे दिसले, तर इंजिन पूर्वी कधीतरी जाम झाले होते असे समजावे. रिंग पोर्टसमोर आणून लाकडी काडीने हलकेच दाबावी; ती आत जाऊन पुन्हा बाहेर उसळली पाहिजे. नंतर फ्लायव्हील (क्रँकशाफ्टवरचे जड चाक) हाताने अगदी सावकाश फिरवावे. मुंबईचे इतके पावसाळे माळ्यावर काढलेल्या इंजिनाच्या बेअरिंगवर गंज चढलेला असू शकतो, आणि तो बोटांना खरखर म्हणून जाणवतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्रँकचे ऑइल सील, म्हणजे क्रँकशाफ्टभोवती घट्ट बसणाऱ्या रबरी कड्या. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधूनच (क्रँकभोवतीच्या बंद पेटीतूनच) सिलिंडरकडे जाते, त्यामुळे कडक झालेल्या सीलमधून थोडी जरी हवा आत शिरली, तरी मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, उष्णता वाढते आणि सुस्थितीतला पिस्टनही जाम होतो. आपल्याकडच्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या जुन्या मेकॅनिकना हा दोष पुरता ठाऊक आहे. कार्ब्युरेटर व एक्झॉस्टची तोंडे रबर लावलेल्या पट्ट्यांनी बंद करून, प्लग बसवून, आत सुमारे ०.४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतकाच दाब द्यावा आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. गेजचा काटा काही मिनिटे स्थिर राहिला पाहिजे. तो उतरला तर सील बदलावेच. माप घेऊन मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात चौकशी केल्यास त्याच मापाचे सील बहुधा मिळते.

कार्ब्युरेटरचा डायफ्राम (आतला पातळ रबरी पडदा) वरून चांगला दिसला तरी नवाच घालावा, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. फ्लायव्हीलला बारीकशी चीर असली, तरी ते मुळीच वापरू नये. वेगात फुटल्यास जिवावर बेतू शकते.

हे सारे निर्दोष ठरल्यावर २० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल या प्रमाणात ताजे मिश्रण करावे, प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवावे, आणि मगच दोरी ओढावी.