जपानला येऊन वैद्यकीय भाषांतर शिकायचं म्हणतेस, तर

तुझा प्रश्न असा: “मी चोपड्याची, बी.फार्म. झालेली, पुण्यात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी काढलेली. जपानला येऊन इंग्रजीतल्या वैद्यकीय बातम्या जपानीत आणायचं काम शिकता येईल का, आणि मुलीला सोबत आणू का?” व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी सांगत नाही. मी स्वतः शहाद्याची, इथे जपानमध्ये हेच काम करते. तुझा प्रश्न वाचल्यापासून माझ्याच मनात बरंच ढवळून निघालंय, म्हणून लांबलचक लिहितेय.

आधी कडू गोष्ट. या धंद्यात रीत अशी की माणसाने आपल्या मातृभाषेत भाषांतर करावं. मजकूर जपानीत छापायचा असला की एजन्सीला बहुधा जपानी माणूसच हवा असतो. एन-वन, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, काढलीस तरी फार फरक पडत नाही, कारण त्या परीक्षेत ना निबंध असतो ना बोलणं. मग आपण शिरायचं कुठून? चेकर म्हणून. हल्ली पहिला खर्डा पुष्कळदा यंत्रच करतं. चेकरने इंग्रजी बातमी, मूळ शोधनिबंध आणि जपानी मजकूर शेजारी ठेवून आकडा न आकडा ताडायचा. मी तिथूनच आले. आता खर्डा स्वतः लिहिते, पण शेवटचा हात जपानी संपादकाचाच फिरतो. याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

तुझं बी.फार्म. इथे फार कामाला येईल. समज, ब्रिटिश बातमीत उपाशीपोटीची साखर तिथल्या मिलिमोल या एककात ७ लिहिलीय. जपानी वाचकाला, आपल्यासारखंच, १२६ कळतं, म्हणजे १८ ने गुणायचं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ब्रिटनमध्ये ४८, ते इथे ६.५ टक्के. त्यात जपानने २०१२ मध्ये मोजायची पद्धत बदलली. जुने जपानी आकडे साधारण ०.४ ने कमी असतात, ते नव्या बातमीतल्या आकड्यांशेजारी तसेच मांडले तर सगळा अर्थच बिघडतो. ‘धोका निम्म्याने घटला’ असं लिहिलेलं दिसलं की आधी शोधनिबंध उघड. हजारात दोघांऐवजी एकाला आजार झाला, तरी धोका निम्माच होतो. ते मूळ प्रमाण बातमीत आलं पाहिजे, नाहीतर वाचक उगाच आशा धरून बसतो.

वाक्यरचनेला मात्र घाबरू नकोस. मराठीसारखंच जपानीतही क्रियापद शेवटी येतं, विभक्ती शब्दामागून लागते. इंग्रजी वाक्य अडलं की मी ते आधी मनात मराठीत म्हणून बघते, मग जपानीत लिहिते. इथल्या कुठल्याच क्लासात हे शिकवत नाहीत.

आता ज्या बातमीने मला झोप लागू दिली नाही ती सांगते. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या कॅसजेव्ही या जनुकीय उपचाराला मान्यता दिली. तेव्हा अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर होती. जपानीत दहा हजाराला मान आणि दहा कोटींना ओकु, म्हणून ‘२२० मान डॉलर’ लिहायचं, येनमध्ये सुमारे ३ ओकु. आपल्या हिशेबाने तेव्हाचे सुमारे १८ कोटी रुपये. जपानमध्ये हा आजार अगदीच दुर्मिळ, त्यामुळे रक्तपेशी विळ्यासारखी का वाकते इथपासून सगळं समजावून लिहावं लागलं. आणि माझी आई धडगावकडच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. पावरा, भिल्ल घरांतली सांधे धरून रडणारी पोरं मी लहानपणी तिच्या ओसरीवर पाहिलेली. रात्री फोनवर आई म्हणाली, “काय लिखं ते माले वाची दाखाड ना.” माझ्याकडे फक्त जपानी होतं.

सुगिता गेनपाकु हा जपानी वैद्य आणि त्याचे सोबती यांनी १७७४ मध्ये डच भाषेतलं शरीररचनेचं पुस्तक जपानमधल्या विद्वानांच्या चिनी वळणाच्या लेखी भाषेत आणलं. काम हाती घेतलं तेव्हा त्यांना डच जेमतेम यायचं. पूर्वी मला या गोष्टीने फार धीर यायचा. पण ते आपल्याच देशात, आपल्या माणसांसाठी लिहीत होते, हे आता टोचतं.

मुलीचं विचारलंस. परदेशी मुलांना इथे शाळेची कायद्याने सक्ती नाही. सरकारी शाळेत प्रवेश मिळतो, पण अर्ज आपणच करायचा. आम्ही केला. माझी मुलगी दुसरीत गेली. जपानी विषयाच्या तासाला तिला एकटीला उठवून वेगळ्या खोलीत बसवायचे. शाळेच्या जेवणात सगळ्यात माशाचा अर्क, म्हणून डबा देऊ का विचारलं, तर अॅलर्जीचा डॉक्टरी दाखला मागितला. अॅलर्जी नाही, आम्ही खात नाही, एवढं समजावण्यात महिने गेले. न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकाचे निबंध अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बुधवारी संध्याकाळी ५ ला खुले होतात, तेव्हा इथे गुरुवारी सकाळचे ६ नाहीतर ७ वाजलेले असतात. अंगावर बातमी आणि गॅसवर पोळी, अशा त्या सकाळी. त्यात एकदा संपर्कवहीत बाईंनी लिहिलं, ‘घरी जपानीतच बोला’. मी खाली लिहिलं, नाही बोलणार. शाळेने नंतर डबा चालू दिला. पण ते वाक्य आठवलं की आजही अंगाची लाही होते.

कागदपत्रांचं एकच सांगते. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे असेल तर काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, ते लांबच लांब होतं. बँकेच्या फॉर्ममध्ये चौकोन पुरले नाहीत, त्यांनी नाव तोडलं आणि माझं मानधन परत गेलं. पहिल्या दिवशी एकच लेखन ठरव आणि सगळीकडे अक्षर न अक्षर तेच लिही.

एकटेपणा आहे. कामात निभतो.

ये, पण आधी चेकरचं काम तिथूनच मिळवून बघ. मुलीला आणणार असशील तर एप्रिलमध्ये आण, वर्ष तेव्हा सुरू होतं. आणि आत्ता एक कर. ब्रिटिश वर्तमानपत्रातली आरोग्याची एक बातमी घे, जपानीत कर, मग तीच मराठीत कर. दोन्ही पाठव. जपानी मी तपासते, मराठी आईकडे देते. औषधाच्या मात्रेत चूक असली तर ती लगेच पकडेल.